पायाळूचा पाय

१४ नोव्हेंबर
रेणू पडली. दिराची एकुलती पोरगी. पोलीस भरतीसाठी पहाटे चिचगडच्या रस्त्यावर धावते, तिथेच घसरली — सगळा भार उजव्या मनगटावर. शामकला, तिची आई, दवाखान्यात न नेता माझ्याकडेच घेऊन आली. "दीदी पायाळू हाये, तिनं पाय लावला का लचक जाते." जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाच्या पायात तसा गुण असतो म्हणे. रेणूने अंगणात हात टेकवला. नुसता पाय लावायचा असतो. मी टाच ठेवून जोर दिला. कट्ट वाजलं. पोरगी रडली नाही. बसलं, म्हटलं मी!

१६ नोव्हेंबर
सूज तशीच. डॉक्टरला दाखवू, रेणू म्हणते. "कायले? उतरते दोन दिसात" — हे मीच बोलले.

९ जानेवारी
रेणूच्या मनगटावर बोराएवढी गाठ. गोळाफेकीला हात उचलला की कळ येते. शामकलाच्या डोक्यात कॅन्सर बसलाय, घास उतरत नाही तिला. पुन्हा पाय लावा म्हणाली. लावला. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

११ जानेवारी
रात्रभर ठणकलं तिला. मीच देवरीला नेलं. डॉक्टरांनी दिवा मालवून गाठीला टॉर्च लावला — गाठ आतून उजळली. "पाणी आहे. कॅन्सर नाही." मग सोनोग्राफी. पडली तेव्हा सांध्याचा लिगामेंट दुखावला, तो नीट भरला नाही, तिथूनच हे फुगलं. गँगलियन म्हणतात. सुईने काढलं, डिंकासारखं चिकट. पट्टा बांधला. सहा आठवडे गोळा उचलायचा नाही. गाठ परत भरू शकते, मग ऑपरेशन.

"पडल्यावर कोणी दाबलं, ओढलं होतं?"

"नाही," रेणू म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. फार लाज वाटली.

भरतीची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आहे.

४ फेब्रुवारी
आज चाचणी होती. रेणू घरीच. तांदूळ निवडत बसली, डाव्या हाताने.

२ मार्च
गाठ परत भरली. दुपारी रेणूने पट्टा सोडला, अंगणात हात टेकवला. "मोठीमाय, एकडाव पाय लावून पाहा ना."

मी पायाळू नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासऱ्यांच्या कमरेत उसण भरली, तेव्हा नव्या घरात भाव मिळावा म्हणून पायाळू आहे असं सांगितलं होतं. बावीस वर्षं निभावलं. आज रेणूला सांगितलं.

तिने हात उचलून घेतला.