चिमणीचं तोंड

खारबाव,
१८ जुलै २०२४

चि. सौ. चंद्रास,
दादूसचा आशीर्वाद.

घरी सगळे बरे आहेत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून मृणालीच्या हाती पत्र देतोय. काल्हेरला आत्याकडे जायचं म्हटलं की माझी लेक लगेच तयार. तिला जेवल्याशिवाय सोडू नकोस.

इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. चुलीच्या चिमणीतून स्वयंपाकघरात पाणी उतरतंय. पाइप आणि स्लॅबमधली फट सिमेंटने तीनदा भरली, वर डांबर फासलं, तरी चुलीत तळं. काल लडकू गवंडी वैतागला. "दादूस, फट कवाच बुजलीय. पानी वरच्या तोंडातून येतंय. पत्र्याची टोपी बसव, न्हायतर मला परत बोलवू नको." टोपी तो घेऊनच आला होता. मी बसवू दिली नाही. तेव्हापासून तुझी वहिनी माझ्यावर चिडलीय. घर कुजवाल म्हणते. कुजू दे.

बंगल्यात चूल आईच्या हट्टाने आली. गॅसवरची भाकरी तिला पटायचीच नाही. तीन वर्षांपूर्वी तू पावसात माहेरी यायची होतीस आणि फोनवर तिला चुलीवरची भाकरी मागितलीस. झड आत येते म्हणून तिने दारं लावून चूल पेटवली आणि धुरात गुदमरली. बाराव्याला सगळ्या भावकीसमोर मी बोललो, "हिला भाकरी खायची होती, म्हणून आई गेली." त्यानंतर तू इथली पायरी चढली नाहीस. भाकरीही सोडलीस, असं मृणाली सांगते.

चंद्रा, आई पावसाळ्यात दारं लावूनच चूल पेटवायची. धूर कधी कोंडला नव्हता. त्या दिवशी कोंडला, कारण आदल्या संध्याकाळी मी चिमणीचं तोंड बांधलं होतं. गळतीने नवा रंग खराब होत होता. वाढदिवसाचा जुना फ्लेक्स दुहेरी करून तारेने आवळला. आईला सांगायचं राहिलं. सकाळी दापोड्याला गोदामात ड्युटीला निघून गेलो. तुझी वहिनी पोरांना घेऊन माहेरी होती.

एवढंच असतं तर सांगितलंही असतं. पण दुपारी घरी आधी मीच आलो. आईला ओढून ओटीवर आणलं. ती श्वास घेत होती. शेजाऱ्यांना हाक मारायच्या आधी मी गच्चीवर गेलो आणि फ्लेक्स काढायला लागलो. तार लवकर निघत नव्हती. खाली आलो तेव्हा ती गेली होती.

लोक जमले तेव्हा चिमणी उघडी होती. कोणी काही विचारलं नाही. ते तोंड पुन्हा झाकायला माझा हात धजत नाही.

हे पत्र सासरी वाचून दाखव, भावकीतही दाखव. तुझ्यावरचा आळ त्याने जाईल असं मला वाटत नाही. लोक एकदा ऐकलेलं सोडत नाहीत. माफी मागत नाही. उत्तरही नको. भाकरी मात्र खा.

आधी गच्चीवर गेलेला,
केसरीनाथ