बिनकिल्लीचं दार

ती. अक्कास, धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढा. उरलेला मनाने घे.)

तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की हल्ली दोघंही तुझं ऐकत नाहीत, म्हणजे गुडघा आणि भावजी. अक्का, तू नशीबवान. माझ्या घरात न ऐकायलाही कुणी उरलेलं नाही. राजे घर सोडून गेले. पोराला 'राजे' हे नाव तूच ठेवलंस. लहानपणीच्या त्या तापात मानेखालचं सगळं गेलं, मान आणि जीभ तेवढी राहिली, आणि त्या दोघींच्या जोरावर पोराने आजवर घरावर राज्य केलं. हिच्या माघारी प्रजेत मी एकटाच होतो. आता राजा दोन गल्ल्या पलीकडे आणि प्रजा इथे खिडकीत.

झालं असं की सरकारने एक योजना काढली आहे. ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांनी संस्थेत पडून राहू नये, आईबापांच्या गळ्यातही पडू नये, आपल्या घरात आपल्या मर्जीने राहावं, म्हणून मदतनिसांचे पगार सरकार देतं. मदतनीस कोण, त्याने कधी यायचं, काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. (माझ्या गळ्याला त्रास होतो, असं मी कुणाला सांगितलं होतं?) राजेंनी मला न विचारता अर्ज केला. कॉम्प्युटर चालवायची ती काठी तो तोंडात धरतो ना, ती रोज सकाळी पुसून मीच त्याच्या दातांत द्यायचो. म्हणजे अर्ज माझ्याच हातून गेला म्हण. पोरं पळवणारे ऐकले होते, पण सरकारने पळवलेलं पोर मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही रीतसर.

मग एक तपासणीच्या बाई घरी आल्या. चांगल्या होत्या, पण सारखं हेच विचारत होत्या की याला काय काय जमत नाही. आता आईची शिकवण तुला ठाऊक आहे, घरातलं उणं उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. मी सांगितलं, त्याला सगळं जमतं. जेवतो पोटभर. (कोण भरवतं, हे त्यांनी विचारलं नव्हतं.) आंघोळ रोज होते. (कोण घालतं, हेही नाही.) बाई लिहायच्या थांबल्या. राजे म्हणाले, "बाबा, साखर संपलीय, जरा घेऊन या." डबा काठोकाठ भरलेला होता, पण मी हुकमाचा ताबेदार. परत येईपर्यंत दोघांचं काय बोलणं झालं देव जाणे, मदत मंजूर झाली. ती साखर अजून पुरते आहे.

नवं घर घेतल्यावर त्याने मदतनिसांच्या मुलाखती ठेवल्या. अक्का, हसू नकोस, मीही गेलो. दाढी केली, लग्नाकार्याचा कोट घातला आणि बाकावर बसलो. शेजारी एक दाढीवाला गडी होता, त्याने मला विचारलं, "आजोबा, या वयात?" मी म्हटलं, अनुभवाला वय असतंच. माझी पाळी आली. राजेंनी ओळख दाखवली नाही.

"अनुभव?"

"अडतीस वर्षं."

"आधीची नोकरी का सोडली?"

"सोडली नाही साहेब. मालकच घर सोडून गेले."

त्याला हसू फुटलं, पण पठ्ठ्याने ते गिळलं. म्हणाला, जवळच्या नातेवाइकाला ठेवायची नियमात सोय नाही. आणि असती तरी ठेवलं नसतं. "बाबा, मदतनिसाला मी रागावू शकतो, घरी पाठवू शकतो. तुम्हाला घरी कसं पाठवू?" त्या दाढीवाल्याला ठेवलं. जाताना त्याने माझ्या पाया पडून आशीर्वाद मागितला. दिला मी. तोंडभरून नाही, पण दिला.

आता दाराचं ऐक. मी सगळा जन्म कुलपाच्या दुकानात काढला. गावातल्या निम्म्या किल्ल्या माझ्या कानशीखालून गेल्या. वाटलं, बापाकडून घरासाठी दुसरं काही नको, एक भक्कम कुलूप घेऊन जावं. जाऊन पाहतो तो दाराला कुलूपच नाही! कडी नाही, किल्लीचं भोक नाही. राजेंच्या खुर्चीला हनुवटीपाशी एक बटण आहे, ते दाबलं की दार आपोआप उघडतं, नाही दाबलं की नाही. मी ते दार वरपासून खालपर्यंत हाताने चाचपलं. ज्याच्या बापाने दुनियेला किल्ल्या करून दिल्या, त्याच्या घरी बापाने बेल वाजवून उभं राहायचं!

तरी मी रोज जात होतो. आज बिजागरी करकरते, उद्या बेल जोरात वाजते, काही ना काही निमित्त निघतंच. एकदा आत गेलं की हात कुठे ऐकतात? दाढीवाला चमचा उचलायच्या आधी मीच उचलायचो, त्याला सांगायचो, तू बस, पेपर वाच. तोही बिचारा बसायचा, म्हाताऱ्या माणसापुढे काय बोलणार? एके दिवशी मी राजेंना भरवतो आहे, दाढीवाला पंख्याखाली कोडं सोडवतो आहे आणि दारात त्याच तपासणीच्या बाई! कसं चाललंय ते पाहायला आल्या होत्या. म्हणाल्या, इथे तर वडीलच सगळं करताहेत, मग मदतनीस कशाला? पंधरवड्याने पुन्हा येते, हेच चित्र दिसलं तर मदत कमी करावी लागेल. आणि मदत कमी झाली की ते घर सुटणार, हे कुणीही सांगेल.

तुझ्यापासून काय लपवू? त्या दिवशी मी शीळ घालत घरी आलो. त्याची गादी उन्हात टाकली. उशीला नवा अभ्रा घातला. मला काही करायचंच नव्हतं, नुसतं रोज जाऊन भरवत राहायचं होतं, की पोरगा आपोआप घरी.

दुसऱ्या दिवशी गेलो तर राजे चहा पीत होते. दाढीवाल्याने कप तोंडाला लावला होता आणि त्यातून वाफा निघत होत्या. मी ओरडलो, अरे, भाजेल! राजे म्हणाले, "भाजला. सोमवारीही भाजला होता." आणि जीभ काढून दाखवली, अशा ऐटीत की जणू कुस्तीत मिळालेलं बक्षीस आहे. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही आजवर प्रत्येक कप फुंकून दिलात. चहा गरम असतो, हे मला ऐकूनच माहीत होतं." रागावला असता तर मी भांडलो असतो. रागावला नाही गं. पुन्हा दाढीवाल्याकडे मान वळवली आणि म्हणाला, "अजून एक घोट." मी घरी आलो आणि गादी आत घेतली.

पंधरवडाभर मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. बाई यायच्या दिवशी त्यानेच फोन केला, "पाहुणे म्हणून या." मी गेलो आणि खुर्चीत बसून दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले. दाढीवाल्याने त्याचे केस विंचरले, भांग चुकीच्या बाजूला. मी मांड्या हातांवर आणखी दाबल्या. चहा आला. कप तोंडाशी गेला आणि अक्का, खोलीच्या या टोकाला बसून माझे ओठ आपोआप फुंकर घालायला लागले! बाईंनी विचारलं, आजोबा, काय करताय? मी म्हटलं, गाणं आठवतोय. चहाचा एक थेंब त्याच्या हनुवटीवरून गळ्याकडे निघाला. माझ्या हातांना मुंग्या आल्या. दाढीवाल्याने तो पुसला. सावकाश पुसला, पण पुसला.

मग बाईंनी मलाच विचारलं, याला काय काय जमत नाही? राजे म्हणाले नाहीत की साखर आणा. माझ्याकडे पाहत राहिले. मग मी सांगितलं. नाकावर बसलेली माशी त्याला हाकलता येत नाही. कूस बदलता येत नाही. रडू आलं तर डोळे पुसता येत नाहीत, म्हणून तो रडत नाही. त्याच्यासमोर हे मी आजवर कधी उच्चारलं नव्हतं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि जमतं काय? मी म्हटलं, दार उघडता येतं. हवं तेव्हा उघडतो, नको तेव्हा उघडत नाही. हीच तर पंचाईत आहे.

मदत चालू राहिली. निघताना राजे म्हणाले, "बाबा, रविवारी या. पण आधी फोन करून." मी पायरी उतरलो आणि आठवलं, छत्री आतच राहिली. बेल वाजवली. दार उघडलं. छत्री घेऊन बाहेर आलो तर चष्मा आत. पुन्हा बेल, पुन्हा दार उघडलं. (छत्री मी खरंच विसरलो होतो.) जन्मात त्याने माझ्यासाठी एक पेला उचलला नव्हता, उचलणार कसा? आणि आता मी आलो की हा दार उघडतो.

तेव्हा माझी काळजी करू नकोस. मी मजेत आहे. रात्री त्याची कूस बदलायच्या वेळेला जाग येते, मग आता उठलोच आहे तर म्हणून मी माझीच कूस बदलतो. चहा एकट्यापुरता करतो आणि गार होऊ देतो. मला गरम जमत नाही. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. खरं तर ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं तेच राहिलं. तू राजेंना एक पत्र लिही, आपण होऊन सुचल्यासारखं. लिही की बाबा रे, अडीअडचणीला घराची एक जादा किल्ली कुणा जबाबदार माणसाकडे असावी. जवळपास राहणारा, वयस्क, रिकामा, असा कुणीतरी. तो तुझं ऐकतो.

पुन्हा ता. क. त्या दाराला किल्लीचं भोकच नाही, हे मीच वर लिहिलं आहे, मला ठाऊक आहे. तरी लिही. माझं नाव घेऊ नकोस.