कामिनीचे बसलेले चित्र

मी, अरुंधती श्रावण गजभिये, वय एकाहत्तर, धंदा तैलचित्रे काढणे, राहणार हुडकेश्वर, नागपूर, शुद्धीत असताना, कोणाच्या धाकात वा भिडेत न येता, माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते.

१. राहते घर व बँकेतील ठेव श्रीमती कामिनी यांना द्यावी. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, म्हणून कारण लिहिते.

त्यांचे पती भैय्याजी गांधीबागेत कापडाचे ठोक व्यापारी. दुकानाच्या गादीमागे लावायला त्यांनी जोडीचे चित्र सांगितले: स्वतः शाल-अंगठ्यांसह कोरीव खुर्चीत, बायको मागे उभी, घरातले सगळे सोने तिच्या अंगावर. आपली ऐपत लोकांना बायकोवरून कळते, असे ते म्हणाले. ते दुकानात असताना कामिनी एकटी बैठकीला आली. मी तिचा पदर नीट करायला गेले तर बरगड्या काळ्यानिळ्या. "मले उभं राहवत नाही, ताई," ती म्हणाली. मी तिला खुर्चीत बसवले आणि तसेच रंगवले. भैय्याजींना मागे उभे केले.

चित्र पाहून ते म्हणाले, "बायको बसून राहिली अन् मी नोकरावानी मागं उभा? काहून?" रंग खरवडायची सुरी उचलून त्यांनी चित्रातल्या स्वतःच्या तोंडापासून खालपर्यंत कापड फाडले. मग कामिनीचे केस धरून तिचे डोके भिंतीवर आपटले. मी मध्ये पडले. सुरी माझ्या उजव्या डोळ्यात गेली. कामिनीने लोखंडी स्टूल उचलून त्यांच्या गुडघ्यावर घातले, आणि ते पडल्यावर पुन्हा घातले. तेव्हापासून ती मुलीला घेऊन माझ्याकडे आहे. एका डोळ्याने अंतर कळत नाही. कुंचला कापडाला आधीच टेकतो. तरी मी चित्रे काढली.

२. माझा भाचा विक्रम तेव्हा दारात उभा होता. पोलिसांना त्याने सांगितले की दोन बायकांचे भांडण झाले. त्याला काहीही देऊ नये, माझ्या मयतीची खबरही नाही.

३. ते चित्र कामिनीची मुलगी मिनल हिला द्यावे. फाटलेले शिवू नये. मिनलला आजवर एवढेच माहीत आहे की आईने बापाला लंगडे केले.

हे मी कामिनीला वाचून दाखवले. बरगड्यांचे वाक्य खोडू का, असे मी विचारले.

"राहू द्या," ती म्हणाली. "मिनलले समजू द्या."

लिहून देणार: अरुंधती श्रावण गजभिये (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. डॉ. प्रशिक मेश्राम (सही)
२. दीप्ती वासनिक (सही)

नागपूर, १४ मार्च २०२४