तोंड हाताच्या पुढं

अप्पा, स्वयंपाकघरातला पंखा तुम्ही दुरुस्त करत होतात तो दिवस या आठवड्यात रोज आठवतोय. तुम्ही स्टुलावर, आई परातीत पीठ मळतेय, मेन स्विचपाशी मी. "बंद केला का?" तुम्ही विचारता. "केला!" मी ओरडते आणि मग हात वर नेते. तेवढ्यात तुमचं बोट तारेला लागतं, पक्कड थेट आईच्या पिठात. "कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय?" आई म्हणाली. तुम्ही हात झटकत खाली उतरलात. मारलं नाहीत. "तोंड हाताच्या फुडं पळतंय तुझं. आधी बंद कर, मग बोल." जन्मभर लाइनमनचं काम केलेल्या माणसाचं ते साधं बोलणं होतं.

आता मी धाराशिवच्या एका छोट्या कारखान्यात, विजेच्या खांबावर हाताला येईल अशा उंचीवर बसवायच्या डब्यांसाठी प्रोग्राम लिहिते. बटण दाबलं की डबा तारेतला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजतो आणि आकडा दाखवतो. आत दोन प्रोसेसर आहेत. मोजणाऱ्यानं आधी आकडा मेमरीत लिहायचा, मग 'नवा आकडा तयार' अशी खूण करायची. दाखवणाऱ्यानं खूण पाहूनच तो उचलायचा. मी त्याच क्रमानं दोन ओळी लिहिल्या होत्या. पण त्या यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला त्यांचा एकमेकींशी संबंध दिसला नाही. वेग वाढवण्यासाठी त्यानं खूण आधी घेतली, आकडा नंतर; म्हणजे खूण पाहून उचललेला आकडा कधी कधी जुनाच असे.

हे कळलं मंगळवारी, अणदूरच्या शिवारात. सकाळी वीज नव्हती तेव्हा डब्यानं शून्य दाखवलं, ते खरं होतं. दुपारी खांबावर चढणार होते तुमच्या हाताखाली शिकलेले काका. लाइन बंद केल्याचा फोन आला. मी बटण दाबलं. शून्य. काकांनी पट्टा आवळला, एक पाय खांबावर ठेवला आणि परत खाली घेतला.

"थांब गं, टेस्टर लावू दे."

"काका, शून्य आहे की."

"भरवसा जेवायच्या डब्यावर. ह्या डब्यावर न्हाय."

काठीच्या टोकाचा टेस्टर तारेजवळ जाताच किंचाळायला लागला. बंद झाली होती ती शेजारची लाइन. पडद्यावर सकाळचंच शून्य होतं. काका बांधावर बसून हसले आणि तंबाखू मळायला लागले.

आधी मी दोन ओळींमध्ये बॅरिअर घातला, म्हणजे कंपायलरनं या रेषेपलीकडची ओळ अलीकडं आणायची नाही. टेबलावर शेकडो वेळा बटण दाबलं. एकदा पुन्हा जुना आकडा आला. कंपायलर ऐकत होता, पण प्रोसेसरही लिहिलेलं दुसऱ्याला उलट्या क्रमानं दाखवू शकतो. मग खूणच अॅटॉमिक, म्हणजे कधीही अर्धवट न दिसणारी, केली आणि लिहिणारा, वाचणारा दोघांनाही एका नियमानं बांधलं: खूण दिसली, तर तिच्याआधी लिहिलेला आकडा दिसलाच पाहिजे. तेव्हापासून एकदाही चुकलेलं नाही. तरी मी दाबतेच आहे. सोमवारी काका त्याच खांबावर चढणार आहेत.

अहवालात मी कंपायलर लिहिला, प्रोसेसर लिहिला, माझी चूकही लिहिली. एक गोष्ट राहिली, ती, तुम्ही गेल्यावर पत्ता न उरलेल्या या कागदावर लिहिते. काका काठी आणायला वळले तेव्हा मी त्यांचा हात धरला होता, अप्पा. मीच म्हणाले होते, "कशाला वेळ घालवताय, चढा." त्यांनी हात सोडवून घेतला. त्यांनीही हे कुणाला सांगितलेलं नाही.