बुटांवरची पिवळी माती

३ मार्च, सोमवार
आज सुट्टी, तरी राजवाड्यात जाऊन आलो. गाइडची नवी जागा निघाली आहे! दर सोमवारी संध्याकाळी सेव्हिलच्याच लोकांना दालनं आणि बागा दाखवायच्या. आमच्या साहेब आम्पारोबाई म्हणाल्या, गावातला कुणीही अर्ज करू शकतो, चाचणी ३१ला. कुणीही म्हणजे मीच. बावीस वर्षं राजदूतांच्या दालनात पहारा देतोय. शिवाय गाववाल्यांना प्रवेश फुकट, त्यामुळे ते जन्मात इकडे फिरकत नाहीत. धोका एकच, बागेचा पहारेकरी निकासिओ. मला बघून हसला. का हसला?
उद्यापासून अभ्यास.

६ मार्च
अभ्यास झाला नाही. खरं तर करायचा कशाचा? खाली टाइल्स, वर लाकडी छत. तपकिरी. बास. माझी नजर लोकांच्या हातांवर असते. छत कोण उचलून नेणार?

१० मार्च, सोमवार
बायको विसी उशिरा आली. म्हणे बहिणीकडे होते. बहीण चौथ्या मजल्यावर राहते. विसीच्या बुटांवर पिवळी माती.
विचारलं नाही. नोंद करून ठेवली.

११ मार्च
पिवळी माती गावात तीनच ठिकाणी. बैलझुंजीचं रिंगण ईस्टरपर्यंत बंद. आमच्या राजवाड्याच्या बागेतही आहे, पण तिथे सेव्हिलची बाई जाईल कशाला? राहिलं मोठं पार्क. पार्कात एकटं कोण जातं?
अभ्यास उद्या. आज डोकं ठिकाणावर नाही.

१७ मार्च, सोमवार
पुन्हा माती. केसांना संत्र्याच्या फुलांचा वास. आत्ता अख्ख्या गावाला येतोय म्हणा, पण तिच्या केसांना जरा जास्तच येतो. जेवताना विचारते, राजदूतांच्या दालनात छतावर तारे का रे केलेत? ही आणि तारे! म्हणजे पार्कातला माणूस निकासिओच. माझी तयारी किती, ते तिच्याकडून काढून घेतोय. मी सावध. म्हटलं, डेकोरेशन. ती म्हणाली, बावीस वर्षं उभा राहून एवढंच? मग ताट उचलून आत गेली.

२५ मार्च
मेव्हणीला फोन केला, सहज. म्हणाली, विसी जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतर आलीच नाही. तुमचं भांडण झालंय का, लेआंद्रो? मी म्हटलं, छे, छे.
जेवण गेलं नाही. तिच्याशिवाय मला घरातलं मीठसुद्धा सापडत नाही. वाईट वाटतंय, फार.

३१ मार्च, सोमवार
पाचला चाचणी. चारला विसी लिपस्टिक लावून बाहेर पडली. लाल! निर्णय घेतला: चाचणी काय, फॉर्मॅलिटी. जागा माझीच आहे. आधी संसार.
पार्कात झाडाआड उभा राहिलो. गॉगल, टोपी. एका लाल ओठवाल्या बाईच्या मागे कारंज्यापर्यंत गेलो. वळली, तर भलतीच. म्हणाली, काका, पोलीस बोलावू? आठपर्यंत थांबलो. विसी नाही, निकासिओ नाही. हुशार आहेत. बुटांवर पिवळी माती मात्र भरपूर आली.

१ एप्रिल
निकासिओने सगळ्यांदेखत मिठी मारली. अभिनंदन, म्हणाला. मी म्हटलं, मिळाली ना जागा मला? तो म्हणाला, तुला कुठली, वहिनींना! महिनाभर दर सोमवारी बागेत येऊन एकेक झाड, एकेक कमान पाठ करत होत्या बिचाऱ्या. तुला माहीत नव्हतं? स्वतः त्याने अर्जच केला नव्हता.
घरी विसीला विचारलं, चोरून का? म्हणाली, सोमवारी तू घरी झोपलेला असतोस म्हणून. आधी सांगितलं असतं तर हसला असतास. काल चाचणीला तुला शोधत होते, माणसा. तू दिसला नाहीस आणि मी पहिली कमानच विसरले. कुठे होतास?
म्हटलं, फिरायला.

७ एप्रिल, सोमवार
सुट्टी रद्द. आम्पारोबाईंनी मला विसीच्या गटामागे चालायला ठेवलंय. भिंतींना हात लावू नका, एवढंच बोलायचं. पहिल्याच दिवशी चाळीस माणसं, सगळी सेव्हिलची. राजदूतांच्या दालनात विसी म्हणाली, आता सगळ्यांनी वर बघा. मी हातांकडे बघत होतो. तेव्हा ती थांबली. म्हणाली, शेवटी उभे आहेत त्यांनीसुद्धा.
बघितलं. छत सोनेरी आहे.
कधी बदललं, ते कुणी सांगत नाही.