गाडीतलं जास्तीचं वजन

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहितोय, कारण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि अण्णा दिवसभर फोनच्या शेजारी. विषय त्यांचाच आहे.

मला त्यांची किळस यायला लागली आहे, ताई. वडिलांबद्दल असं लिहू नये हे कळतं, पण एकदा गाडीत बसून बघ, तूही लिहिशील. वजनमापांचे इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाल्यापासून दुकानदारांचे तराजू हाती लागत नाहीत, तो सगळा राग आता गाडीवर निघतोय. गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवणे, एवढाच उद्योग. एसीने पेट्रोल जातं, म्हणून एसी बंद. उघड्या काचांतून वारा भरतो आणि गाडी मागे ओढली जाते, म्हणून काचाही बंद. आत आमचा घाम, तापलेलं रेक्झिन आणि गेल्या महिन्यात मावशी ओकली होती त्याचा वास, हे सगळं एकत्र शिजत असतं. टायरमध्ये हवा इतकी ठासतात की रस्त्यावरचा खडासुद्धा हाडांना कळतो.

आणि हाडं कोणाची, तर आईची. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला व्यायामाला न्यायचं, एवढ्यासाठी ही गाडी. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलंय की आत्ता व्यायाम चुकला तर सांधा आखडेल आणि ती व्हीलचेअरमधून उठणारच नाही. काल मी सोबत गेलो होतो. दवाखान्याच्या उतारावर अण्णांनी चक्क इंजिन बंद केलं! ब्रेक दगडासारखा झाला, फाटकाला धडकता धडकता वाचलो. मी ओरडलो तर म्हणाले, उतार फुकट मिळालाय, तो वाया कशाला घालवायचा.

पैशांची ओढाताण असती तर एक शब्द बोललो नसतो. तसं काही नाही. फक्त आल्यागेल्याला सांगायला आकडा हवाय. आई तर ढिम्म बोलत नाही. तू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतेस, तुझं कदाचित ऐकतील.

नाकाला रुमाल लावलेल्या भावावर लोभ असू दे.

तुझा
ठोंब्या

९ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

ठोंब्याचं पत्र आलं. त्यातला रडका भाग वजा केला तरी उरलं ते वाचून अंगावर काटा आला.

तुमचं निम्मं बरोबर आहे, म्हणून जास्त राग येतो. हवा कमी असली की पेट्रोल जास्त जातं, खरं आहे. पण प्रमाणाबाहेर भरलीत तर टायर मधोमध झिजतो, पकड जाते, आणि प्रत्येक खड्डा आईच्या खुब्यात जातो. उतारावर इंजिन बंद केलं की ब्रेकची ताकद जाते, स्टिअरिंग जड होतं. माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर कान धरून खाली उतरवला असता. शिवाय तुमच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय नुसता उचललात, तरी उतारावर पेट्रोल जवळजवळ तुटतंच. आणि गावातल्या वेगाला काच उघडी ठेवली तर कसलंही नुकसान होत नाही. आई बसली असताना एसी लावा. ही विनंती नाही.

राग शांत झाल्यावर तुमचीच,
ताई

१६ मार्च

चि. ताईस,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. मी शिकवलेली मुलगी मला शिकवते, याचा अभिमान वाटला. इंजिन बंद करणं सोडलं. गिअरमध्ये पेट्रोल तुटतं हा मुद्दा पटला.

आता वजनाकडे वळलो आहे. जन्मभर लोकांच्या तराजूखाली चिकटवलेलं मेण खरवडून काढलं. स्वतःच्या गाडीत जास्तीचं वजन वाहणं मला शोभत नाही. स्टेपनी काढली, जॅक काढला, पायपुसणी काढली. डिकीत तुझ्या आईची व्हीलचेअर होती, भलतं मोठं धूड. दवाखान्यात त्यांच्या खुर्च्या असतातच, मग आपली कशाला मिरवायची? जिन्याखाली ठेवून दिली. आकडा लगेच वर सरकला.

एसीचं म्हणशील, तर तुझ्या आईची काही तक्रार नाही. ठोंब्याला नाक वर करायची सवयच आहे.

तब्येतीला जप, आणि क्लचवर पाय ठेवून गाडी चालवत जाऊ नकोस.

तुझे
अण्णा

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.



आज शेजारणीकडून कळलं. गेल्या आठवड्यात दवाखान्यातल्या सगळ्या खुर्च्या अडकलेल्या होत्या, आणि आपली जिन्याखाली. मागेपुढे करण्यात पेट्रोल जाऊ नये म्हणून अण्णांनी गाडी भिंतीला घासून लावली होती, त्यामुळे आईचं दार उघडेना. काचा बंद, किल्ली अण्णांच्या खिशात, वर ऊन. आई अंगभर ओकली. शेजारीण तिथे औषधाला गेली होती, तिने आरडाओरडा करून गाडी पुढे घ्यायला लावली. तोवर अण्णा बाहेर उभे राहून टायर दाबून बघत होते. व्यायाम झालाच नाही. त्याच कपड्यांत, त्याच बंद काचांत आईला परत आणलं.

तेव्हापासून आई दवाखान्यात गेलेली नाही. बरं वाटतंय म्हणते. काल तिला पलंगावरून उठताना पाहिलं, पाय सरळ होत नव्हता. आणि अण्णा खालच्या मजल्यावरच्यांना सांगत होते, हल्ली फेऱ्या कमी झाल्या, बायको सुधारली.

मी संध्याकाळी त्यांना वाट्टेल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, सीटला अजून वास येतो का. ताई, तू ये आणि तिला घेऊन जा. मला या माणसाच्या शेजारी बसून जेवण जात नाही.

तुझा
ठोंब्या

२२ एप्रिल

चि. ताईस,
अनेक उ. आ.

तू टॅक्सी घेऊन आलीस, माझ्याशी न बोलता आईला घेऊन गेलीस. सगळी गल्ली बघत होती. असो.

कळवायचं म्हणजे, गाडीने आजवरचा सर्वांत चांगला आकडा दिला. कारण शोधत होतो. फिल्टर तोच, हवा तीच, पेट्रोलही त्याच पंपावरचं. मग बाजूच्या सीटकडे लक्ष गेलं.

पंपावरच्या माणसाला आकडा सांगितला. तो बरं म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला. ठोंब्या बाहेरच जेवून येतो. आईला विचार, किती दिवस राहणार आहे.

तुझे
अण्णा

३० एप्रिल

यांस,
स. न. वि. वि.

ताईने तुमचं पत्र माझ्या हातात दिलं. आकडा वाढला, अभिनंदन. मी उतरले म्हणून वाढला, एवढं कळायला तुम्हांला आधी फिल्टर तपासावा लागला.

मी गप्प होते ती तक्रार नव्हती म्हणून नाही. तोंड उघडलं असतं तर ओकले असते. शेवटी ओकलेच. त्या दिवशी मी आतून काचेवर हात आपटत होते. तुम्ही वर पाहिलंत, हाताने थांब म्हणून सांगितलंत आणि परत टायरकडे वाकलात. तुमच्या संसारात बरंच सोसलं, पण तुमची शिसारी त्या दिवशी पहिल्यांदा आली. अजून गेलेली नाही.

इथे रोज व्यायाम होतो. काठी घेऊन फाटकापर्यंत जाते. मधले आठवडे वाया गेल्यामुळे पाय थोडा आखूड पडणार, असं इथल्या व्यायामाच्या बाई म्हणतात. ते आता माझ्याबरोबरच राहील.

मी येईन की नाही, ते ठरलेलं नाही. विचारायचं असेल तर पत्राने नको, समोर येऊन विचारा. येताना खुर्ची डिकीत असू दे, स्टेपनी असू दे, एसी घरापासून इथपर्यंत चालू असू दे. मी गाडीत डोकं घालून वास घेईन आणि मग उत्तर देईन.

आणि इथे पोचल्यावर अ‍ॅव्हरेज किती पडलं, ते मला सांगू नका.

ठोंब्याची आई