सात नंबरचं पातं

३ फेब्रु., सोम.
टायटॅनियमची बारा पाती आली. वाफेच्या टर्बाईनच्या शेवटच्या रांगेसाठी. मलकापूरच्या आमच्या शेडमध्ये आजवर फक्त पोलादाची झाली. ही हातात धरली की हलकी, जवळजवळ निम्मी. नमुन्याची बारा टर्बाईनच्या कंपनीला पसंत पडली तर पूर्ण रांगेचं काम आम्हाला. तपासणी माझ्याकडे. भीती वाटते, पण माझ्याकडे.

५ फेब्रु., बुध.
सातव्याच्या कडेवर काहीतरी दिसल्यासारखं झालं. हातमोजा काढून बोट फिरवलं. बाबांची सवय. ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. शाळेत घालायच्या आधीच मला कानस धरायला शिकवली. "डोया फसते, बोट नाई फसत." बारीक उंचवटा निघाला, घासून काढला. खूप बरं वाटलं. संध्याकाळी धातूतला ताण काढायला बाराही भट्टीत.

६ फेब्रु., गुरु.
एस.टी.त आठवलं. घामातलं मीठ. टायटॅनियमवर मीठ राहून ते तापलं तर तडा जाऊ शकतो, हातमोजे त्यासाठीच. नंतर सातवं पुसलं का मी? पुसलं असेल. मी पुसतेच. पण आठवत नाही. कोणी पाहिलंही नाही.

७ फेब्रु., शुक्र.
पहाटे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मीच शिकवलं तुले. लोखंडाले चालते ते. याले नाई चालत, तं सांगून टाक."
"अकराच उरतील. काम जाईल."
"आन पातं तुटलं तं? तिथं मानसं नसतीन का?"
शेडवर मालकांना, वानखडे सरांना, सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोनाले दिसलं होतं का, मॅडम?"
"नाही."
"मंग काऊन सांगून राह्यल्या?"
"पुसल्याचं आठवत नाही," एवढंच पुन्हा. सरांनी सातवं उचलून बाजूला ठेवलं. हातमोजे घालून.

१० फेब्रु., सोम.
सातवं प्रयोगशाळेत. कंपनीला पत्र मीच लिहिलं, स्वतःच्या नावानं. "बहुधा" दोनदा खोडलं.
संध्याकाळी गावी, धामणगावात उतरले तर टपरीवरचे गणूकाका, "काय वं, कारखाना बंद पाडला म्हन्ते तू?"
"एक पातं थांबवलं, काका."
"तेच ते. तुहा बाप सकायपासून साऱ्या गावाले सांगून राह्यला."
घरी बाबांना म्हटलं, चूक सांगत फिरतात का?
"चूक कोन सांगते? पोरीनं थांबवलं, ते सांगतो."

१३ फेब्रु., गुरु.
निकाल नाही. कंपनीचा फोन नाही. सर म्हणाले, तडा निघाला तर काम गेलं. नाही निघाला तर विचारतील, उगाच काऊन थांबवलं. म्हणजे दोन्हीकडून बोल मलाच.
तरी आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.